एका बिल्ल्यावरच्या दोघी

मी गिरणीच्या लेबर ऑफिसात लागले तेव्हा तिथं बसणारी मी एकटीच बाई होते. वाइंडिंग खात्यात, म्हणजे जिथं सुताच्या कांड्या भरल्या जात तिथं, बायका खंडीभर होत्या. पण लाकडी जिना चढून वर येऊन खुर्चीत बसणारी बाई म्हणजे नवल होतं. माझं माहेर मैंदर्गीचं, वडलांचं तिथं किराणा दुकान. मी सोलापुरात मावशीकडं राहून बी.कॉम. झाले. आई रागावली की कन्नडवर यायची आणि मला ‘हठमारी’ म्हणायची. एखाद्या गोष्टीला कुणी नाही म्हटलं की ती करूनच दाखवायची, अशी माझी घरात ख्याती होती. मुलाखतीत लेबर ऑफिसर साहेबांनी विचारलं, गिरणीत पुरुषांची भाषा कानावर पडेल, चालेल का? मी म्हटलं, मला कन्नडातून शिव्या येतात, त्या त्यांना चालतील का बघा. साहेब हसले नाहीत, पण नोकरी दिली.

आणीबाणी उठली त्याच्या आसपासचे ते दिवस. मालकांनी ठरवलं की सगळ्या कामगारांच्या फायली कॉम्प्युटरवर घ्यायच्या. कॉम्प्युटर सोलापुरात नव्हताच. तो होता पुण्याला, एका थंडगार खोलीत, आणि त्याचे तास आम्ही भाड्यानं घेत होतो. आमच्याकडं आली ती नुसती कार्डाला भोकं पाडायची दोन यंत्रं. फायलीतली माहिती आधी चौकोन आखलेल्या कागदावर उतरवायची, मग त्या चौकोनांप्रमाणं जाड कार्डाला भोकं पाडायची, कार्डं पत्र्याच्या ट्रंकेत भरून रेल्वेनं पुण्याला धाडायची. तिकडून रुंद कागदावर छापलेल्या याद्या परत यायच्या. कामगारांना यातलं एवढंच कळलं होतं की आता आपण भोकाच्या कार्डात बसलोय. युनियनवाले म्हणत, या भोकांतून माणसं गळणार. आमचे साहेब म्हणत, उलट आता एकही माणूस हरवणार नाही. मला साहेबांचं पटायचं, कारण मी त्या फायली बघितल्या होत्या.

त्या फायली लाल रुमालात गाठी मारून कपाटात रचलेल्या असत. गाठ सोडली की कापसाचे तंतू आणि झुरळं एकदमच बाहेर यायची. कुणाच्या फायलीत जन्माचा दाखला, कुणाच्या फायलीत गिरणीच्या डॉक्टरनं दात बघून लिहिलेलं वय. एकाचा लग्नाच्या रजेचा अर्ज दुसऱ्याच्या फायलीत, आणि दुसऱ्याला मारलेला दंड तिसऱ्याच्या. या सगळ्याचा जाणता एकच, आमचे हेडक्लार्क काका. ते पान लावत बसायचे आणि कुणीही कसलंही विचारलं की डोळे मिटून सांगायचे, डाव्या कपाटात, खालून दुसरा रुमाल. ते रिटायर झाले की या गिरणीला स्वतःचीच माणसं सापडणार नाहीत, असं मला वाटायचं. म्हणून मी त्या कामाला इरेला पडल्यासारखी भिडले. डोळ्यांत कापूस, बोटांना शाई. मावशी म्हणायची, ऑफिसात जातेस की पिंजाऱ्याकडं?

साहेबांनी सुरुवातीलाच नियम घालून दिला होता. एक बिल्ला, एक कार्ड. बिल्ला म्हणजे पितळेची चकती, तिच्यावर नंबर ठोकलेला. कामगारानं ती फाटकाजवळच्या खिडकीत दाखवायची की त्याची हजेरी लागायची. नाव कुणीही कसंही लिहील, पण नंबर चुकत नाही, असं साहेबांचं म्हणणं. पुण्याच्या यंत्रालाही नंबरच कळायचा. त्याच्या लेखी नंबर म्हणजे माणूस.

वाइंडिंग खात्याचे रुमाल काकांनी स्वतःकडं घेतले. त्या खात्यातली घरं न् घरं मला पाठ आहेत, म्हणाले. त्यांनी प्रत्येक बिल्ल्याची फाइल उघडली, वरचं पान बघितलं, चौकोन भरले. नियमाप्रमाणं अगदी बरोबर. मी त्यांच्या कागदांवरून कार्डं तयार केली, ट्रंक पुण्याला गेली.

याद्या आल्या तो दिवस साहेबांच्या घरी लग्नकार्य असावं तसा गेला. कागदाच्या दोन्ही कडांना भोकं, एक पट्टा पांढरा, एक हिरवा. साहेब पानं उलटत होते आणि प्रत्येक पानाला मान हलवत होते. त्यातली एक यादी होती त्या वर्षी साठ पूर्ण होणाऱ्यांची. साहेबांनी त्याच दिवशी नोटिसा काढायला लावल्या आणि त्या खात्याखात्यांच्या फळ्यांवर लागल्या. महिनाअखेर शेवटचा दिवस.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वाइंडिंगमधली एक बाई जिना चढून वर आली. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरातली; घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. केसांत कापूस, पदरावर दुधाचा ओला डाग. वयानं माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि फळ्यावरचा नंबर तिनं मला तोंडपाठ सांगितला.

“अक्का, मी साठ वर्सांची हाय का?”

मला हसू आलं. तिला आलं नव्हतं, म्हणून मी ते गिळलं. मी काकांना नंबर सांगितला, त्यांनी रुमाल सोडून फाइल काढली. चांगली जाडजूड फाइल. पण तिच्यातलं पानन् पान तिच्या सासूचं होतं. नेमणूक सासूची, वय सासूचं, रजा सासूच्या. शेवटी जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची, एक चिठ्ठी टाचलेली: या बिल्ल्यावर आता सून. ना तारीख, ना नाव.

काकांना मी विचारलं, तुम्हाला हे माहीत नव्हतं? ते शांतपणे म्हणाले, माहीत होतं की, हा घरचा बिल्ला आहे. त्या खात्यात असे किती तरी आहेत.

मग मला ती रीत समजली. वाइंडिंगमध्ये बिल्ला बाईचा नसायचा, जागेचा असायचा. आणि जागा घराची असायची. सासू थकली, की खंडेनवमीला मशिनची पूजा झाल्यावर ती सुनेला घेऊन यायची. आपल्या मशिनला हळदीकुंकू लावायची, आपल्या पदराचा बिल्ला सोडून सुनेच्या पदराला बांधायची, खात्यातल्या बायकांना चिरमुरे आणि बत्तासे वाटायची. दुसऱ्या दिवसापासून त्याच मशिनवर सून उभी. जॉबर खूश, कारण काम शिकलेली बाई मिळाली. गिरणी खूश, कारण मशिन एक दिवसही बंद पडलं नाही. हजेरीच्या खिडकीत नंबर तोच, त्यामुळं वर ऑफिसात काही बदलायची गरजच कुणाला वाटली नाही. इतकी वर्षं हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

आता अडलं. मी फाइल घेऊन साहेबांकडं गेले, ती बाई माझ्या मागं. मला वाटलं, साहेब एका मिनिटात नोटीस रद्द करतील. साहेबांनी तिच्याकडं बघितलं, फायलीकडं बघितलं आणि ते गंभीर झाले. म्हणाले, बाई साठ वर्षांच्या नाहीत हे दिसतंय. पण मग या आहेत कोण? यांची नेमणूक कुठं आहे? ज्या बाईची नेमणूक आहे तिचं वय झालं, ती गेली. या बाईंना आपण कधी घेतलंच नाही. यांना राहायचं असेल तर पुढच्या महिन्यापासून बदलीत यावं.

बदलीत येणं म्हणजे काय, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. पहाटे फाटकाबाहेर उभं राहायचं. आत कुणी आलं नसेल तर जॉबर बोट करील तिनं आत जायचं, बाकीच्यांनी घरी. लग्न झाल्यापासून ती त्या मशिनवर कायम होती. तिच्या नवऱ्याचा हातमाग बंद पडला होता आणि तो एकाच्या यंत्रमागावर जायचा. घरात कायमची नोकरी असलेली ती एकटी. आणि तिची ती सगळी वर्षं एका टाचणीवर लटकत होती.

जिन्यात ती मला म्हणाली, “मी गेटावर हुबी ऱ्हानार न्हाय अक्का. माझं मशिन हाय तितं.” मी म्हटलं, नाही उभं राहावं लागणार. कशाच्या जोरावर म्हटलं, ते मला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी साहेबांनाच एक युक्ती सुचली. ते मनानं वाईट नव्हते. फक्त यादी बिघडलेली त्यांना बघवत नसे. ते म्हणाले, त्या कार्डावरचं जन्मसाल तेवढं बदला, सुनेचं घाला. बाकी असू दे तसंच. एक बिल्ला, एक कार्ड, प्रश्न मिटला. मी म्हटलं, आणि सासू? साहेब म्हणाले, सासू तक्रार करायला आलीय का?

मला ते पटलं नव्हतं, पण बाईची नोकरी वाचत होती, म्हणून मी कार्ड नव्यानं पंच केलं. आठवड्यात पुण्याहून उत्तर आलं. नंबरापुढं चांदण्या छापलेल्या, म्हणजे चूक. ही बाई जन्माच्या आधीच कामाला लागली आहे, असं यंत्राचं म्हणणं होतं. काकांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाले, त्याला काय कळतंय, पोटात असल्यापासूनच लागतात हितं. मी पोट धरून हसले. साहेब मात्र चिडले, कारण यंत्रानं त्यांचीच चूक पकडली होती.

हसू ओसरल्यावर मला त्या यंत्राबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. जे आम्ही सगळे चालवून घेणार होतो ते त्यानं चालवून घेतलं नाही. एका आयुष्यात दोन बायका मावत नाहीत, एवढं त्याला कळलं होतं. मी साहेबांपुढं जाऊन सांगितलं की कार्डं दोनच होतील. सासूचं वेगळं, सुनेचं वेगळं, सुनेला नवा नंबर. साहेब म्हणाले, होऊ दे की. पण सासूनं काम कधी सोडलं आणि सुनेनं कधी धरलं, हे सिद्ध व्हायला पाहिजे. खात्यातल्या बायकांनी सांगितलेलं मी धरणार नाही, त्या एकमेकींसाठी काहीही सांगतील. सासूनं स्वतः माझ्यासमोर सांगावं, अंगठा द्यावा. मग मी मागच्या तारखेनं नेमणूक मंजूर करतो.

एवढंच ना, असं मला वाटलं. म्हातारी हयात होती, शुद्धीत होती, गिरणीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर राहत होती. मी आनंदानं खाली जाऊन सुनेला सांगितलं. तिचा चेहरा पडला.

“ती न्हाय यायची, अक्का.”

का, ते बघायला रविवारी मीच त्यांच्या घरी गेले. पूर्व भागात गल्लीगल्लीत यंत्रमागांची खटखट, तिच्यावर मात करून बोलायचं म्हणून तिथली सगळी माणसं मोठ्यानं बोलतात. म्हातारी दारातच मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मोठा बांधा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गुडघे सुजलेले. बोटं मात्र अशी चालत होती की बघत राहावं. माझ्याशी बोलताना तिनं एकदाही हाताकडं बघितलं नाही आणि एकही विडी सैल पडली नाही. सून आत चुलीशी होती आणि बाहेर आली नाही.

मी सगळं समजावून सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मी कुटं सोडलंय काम? मी म्हटलं, अम्मा, तुम्ही घरी बसलाय की. ती म्हणाली, गुडघ्यानं बसवलंय. गुडघं बरं झालं की मी जानार. बिल्ला माझा हाय, हिला वापराया दिलाय.

मी चिडले. तशीही मला चिडायला वेळ लागत नाही. म्हटलं, महिनाअखेरीला तो बिल्ला जाणार आहे, तुमच्यासकट आणि तुमच्या सुनेसकट. मग काय वापरायचं ते वापरा. म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, पोरी, ती गिरनी नवी हुती तवा मी तितं आले. तू काल आलीस, आन् मला सांगतीस मी तितं न्हाय म्हनून? मग तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, आणि माझ्याकडं बघायचं बंद केलं.

मी पाय आपटत तिथून निघाले. गल्लीच्या तोंडाशी सून मागून आली. तिनं सांगितलं, घरात आजही सासू सगळ्यांना स्वतःची ओळख बिल्ल्याच्या नंबरानं करून देते. रोज संध्याकाळी सून आली की बिल्ला आधी सासूच्या हातात द्यावा लागतो. ती तो पुसून देवाजवळ ठेवते आणि सकाळी स्वतःच्या हातानं परत देते. इतकी वर्षं एकही दिवस चुकला नाही. मला त्या म्हातारीचा रागच येत राहिला. सुनेच्या पोटावर पाय देऊन स्वतःचा तोरा मिरवतेय, असंच मला वाटलं, आणि ते मी सुनेला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “तसं न्हाय अक्का. तिला दुसरं काय हाय?”

साहेबांनी नको म्हटलं होतं तरी मी खात्यात जाऊन बायकांना विचारायला सुरुवात केली. ही सून कधी आली? कुणी म्हणालं, माझी थोरली पाळण्यात होती तेव्हा. कुणी म्हणालं, त्या वर्षी बत्तासे ओले निघाले होते, आम्ही नावं ठेवली होती. मशिनांच्या आवाजात त्या माझ्या कानाशी तोंड आणून सांगत होत्या, आणि सगळ्यांचं मिळून एकच वर्ष निघत होतं. मी ते सगळं लिहून काढलं. साहेबांनी वाचलं, छान आहे म्हणाले आणि परत दिलं. सासूचा अंगठा आणा.

महिना संपत आला. मला झोप लागेना. मी हरणार अशी मला पक्की भीती वाटायला लागली होती, आणि हरले असते तर माझं काहीच जाणार नव्हतं, हे जास्त टोचत होतं. मावशी म्हणाली, तू तुझं काम केलंस ना? मी म्हटलं, काम झालंय कुठं अजून?

शेवटी मार्ग काढला तो सुनेनं, आणि तो माझ्या डोक्यात सात जन्मांत आला नसता. मला तो नंतर बायकांकडून कळला. महिन्याचे दोनच दिवस उरले होते. सकाळी सासूनं देवाजवळचा बिल्ला उचलून नेहमीप्रमाणं पुढं केला. सुनेनं तो घेतला नाही. सासूला ती तेलुगूत अत्ता म्हणायची. म्हणाली, अत्ता, आज तुमी जावा. बिल्ला तुमचा, मशिन तुमचं. मी घरी ऱ्हाते, विड्या वळते. आणि ती खरोखरच सूप घेऊन बसली. नवऱ्यानं आरडाओरडा केला तरी उठली नाही.

म्हातारीनं पदराला बिल्ला बांधला आणि निघाली. कशी चालत आली कोण जाणे. फाटकावरचा पहारेकरी जुना, त्यानं तिला ओळखलं आणि आत सोडलं. ती खात्यात गेली, आपल्या मशिनपुढं उभी राहिली. बायकांनी काम थांबवलं. तिनं एक तुटलेला धागा उचलला आणि असा सांधला की गाठ दिसेना. मग दुसरा. मग तिसऱ्यासाठी मशिनच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं, आणि तिला पाऊल उचलता येईना. तिनं मशिनला हात लावून बराच वेळ काढला. कुणी तिला धरायला गेलं नाही, कारण तिनं ते खपवून घेतलं नसतं. मग ती वळली आणि आमच्या ऑफिसच्या जिन्याखाली येऊन बसली.

शिपायानं वर येऊन सांगितलं. मी साहेबांना म्हटलं, त्यांना जिना चढता येणार नाही, तुम्हाला उतरावं लागेल. साहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि उतरले. मी कागद आणि शाईची डबी घेऊन मागोमाग. काकाही पान थुंकून आले. म्हातारी पहिल्या पायरीवर बसली होती, आम्ही तिघं तिच्यापुढं उभे. साहेबांनी मऊ आवाजात विचारलं, अम्मा, तुम्ही काम कधी सोडलं?

“सोडलं न्हाय,” म्हातारी म्हणाली. “दिलं.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, कधी दिलं? तिनं वर्ष सांगितलं, खंडेनवमी सांगितली. माझ्या कागदावरच्या बायका सांगत होत्या तेच. सगळं सांगून झाल्यावर तिनं आपणहून अंगठा पुढं केला.

वर आल्यावर नवंच अडलं. नोकरी संपल्याच्या कारणासाठी कार्डावर एक घर होतं आणि पुण्याहून ठरवून दिलेले चारच आकडे होते. एक म्हणजे वय झालं, दोन राजीनामा, तीन काढून टाकलं, चार मृत्यू. साहेब म्हणाले, दोन घाला, राजीनामा. मी म्हटलं, घालणार नाही. बाईनं तुमच्यासमोर सांगितलंय की तिनं सोडलं नाही. साहेब म्हणाले, मग एक घाला. मी म्हटलं, तेव्हा तिचं वयही झालं नव्हतं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, मग काय घालायचं तुमच्या मनात आहे? मी म्हटलं, पाच. पाच म्हणजे घरात दिलं. त्या रकान्यात नऊपर्यंत जागा आहे, पुण्याला एक पत्र टाकलं की झालं. काका मध्येच म्हणाले, साहेब, पाच घातलेलं बरं. अजून किती तरी घरचे बिल्ले निघणार आहेत. साहेबांनी पत्रावर सही केली आणि ती नोटीस फळ्यावरून काढून घ्यायला सांगितलं. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी काकांच्या डब्यातलं पान मागून खाल्लं.

मी दोन कार्डं स्वतः पंच केली. पुढची यादी आली तेव्हा दोन ओळींत दोन नावं होती. वरच्या ओळीच्या शेवटी पाच. खालच्या ओळीत नवा नंबर, आणि ज्या वर्षी ती खरंच मशिनपुढं उभी राहिली तेच नेमणुकीचं वर्ष. कुठंही चांदणी नव्हती.

नव्या नंबराचा बिल्ला ठोकून आला त्या दिवशी मी सुनेला निरोप धाडला की सासूलाही घेऊन ये. का, तर मला म्हातारीला यादीतली तिची ओळ दाखवायची होती. माझं काम तिनं बघावं असं मला वाटत होतं, आणि मी तिच्यावर रागावले होते ते मिटावं असंही. दोघी सकाळच्या पाळीआधी आल्या आणि जिन्याखालीच थांबल्या. मी यादीचं ते भेंडोळं खाली घेऊन गेले. म्हातारीला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं. बोट न उचलता तिनं विचारलं, “हिला दुसरा नंबर का? माझा का न्हाय?”

मी सांगितलं की आता एकाचा नंबर दुसऱ्याला मिळणार नाही. तुमचा नंबर तुमचाच राहील. हवा तर तुमचा जुना बिल्ला घरी घेऊन जा.

“मेल्यावर बी?”

“मेल्यावरही. तो कुणालाच देणार नाहीत.”

मला वाटलं, ती खूश होईल. मला तर अभिमानच वाटत होता त्या नियमाचा, तो मी भांडून मिळवला होता. म्हातारीनं पदराचा जुना बिल्ला चाचपला. मग सुनेच्या हातातल्या नव्या कोऱ्या बिल्ल्याकडं बघितलं. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला.

“मग ही तिच्या सुनंला काय देनार?”

इतके दिवस मी सगळ्यांना उत्तरं देत आले होते, साहेबांना, काकांना, पुण्याच्या यंत्रालासुद्धा. या वेळी उत्तर सुनेनं दिलं. सासूपुढं ती एवढं मोठ्यानं बोललेली मी कधी ऐकलं नव्हतं.

“काय न्हाय देनार, अत्ता. ह्यो माझा हाय.”

पाळीचा भोंगा झाला. म्हातारीचा हात सवयीनं सुनेच्या पदराकडं गेला होता, बिल्ला बांधायला. सुनेनं तो हात हळूच बाजूला केला, आपल्या हातानं गाठ मारली आणि ती खात्यात गेली.